पेवातली ओ

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी कुणाला शपथ घालणार नाही. पण हे जिच्या बाबतीत घडलं, ती बाई आयुष्यात बाजारात भाव करतानासुद्धा कधी खोटं बोलली नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

ती माझ्या वडिलांची आत्या. रुक्माबाई. आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो.

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. सोळा सप्टेंबर. वेळ रात्रीची नाही, भर दुपारी बाराची. गाव कुरुंद्यापासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात आणि लेकरं त्या चौथऱ्याभोवती खेळतात.

हो, चौथरा. जे घडलं ते त्या चौथऱ्यापासून सुरू झालं.

आधी पेव म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे पूर्वी ज्वारी जमिनीखाली ठेवायचे. गावच्या पांढऱ्या मातीत विहिरीसारखा खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. ते पेव. तोंडावर दगड ठेवून शेणमातीनं लिंपलं की दाणा वर्षानुवर्षं टिकायचा. पण बंद पेवातली हवा विषारी होते. म्हणून उघडल्यावर आधी दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर कुणी उतरायचं नाही. टिकला तर माणसाच्या काखेखालून अंबाडीचा दोर बांधायचा आणि त्याला खाली सोडायचं. मग एकानं तोंडाशी बसून हाका मारत राहायचं.

“हाय का?”

खालच्यानं म्हणायचं, “हाय.”

तीन हाकांना ओ आली नाही तर दोर ओढायचा.

आणि हाका मारणाऱ्यानं जागा सोडायची नाही. उठायचंच झालं तर दुसऱ्याला बसवायचं, आणि कोण बसतंय ते खालच्याला नाव घेऊन सांगायचं. हा रिवाज आमच्याकडे उपासासारखा कडक पाळायचे. त्यावर माणसाचा जीव असायचा.

तो चौथरा अशाच एका पेवावर बांधला होता. पेव आत्याच्याच घरचं. तिच्या नवऱ्याचं, मुंजाजीचं.

अठ्ठेचाळीस सालचा वैशाख. निजामाचं राज्य जायची वेळ आली होती आणि रझाकार गावं जाळत सुटले होते. उद्या आपल्या गावावर येणार आहेत, हा निरोप गावातल्याच एका मुसलमान तांबोळ्यानं जिवावर उदार होऊन दिला. बायका लेकरं आणि मेंढरं घेऊन औंढ्याकडच्या डोंगरात निघाल्या. आत्याही त्यांच्यात होती. मागं राहिलेल्यांपैकी सात जण लपायला पेवात उतरले. त्यातला एक आत्याचा धाकटा भाऊ सोनाजी. वीस वर्षांचा. बहिणीच्या घरचं पेव साफ करायला म्हणून आला आणि अडकला.

मुंजाजी बाहेर राहिला. त्यानं दगड लावायचा, लिंपायचं, शेजारच्या कडब्याच्या गंजीत लपायचं आणि मधूनमधून तोंडाशी येऊन हाक द्यायची. रझाकार गेले की सगळ्यांना काढायचं.

सातही जण आतच गेले.

मुंजाजी पुढे सांगायचा, “म्या हाक मारली. पयल्याच हाकंला कुणी ओ दिली न्हाई. इखारी हवा. झोपंत गेल्यावानी गेले.”

गावानं पंचवीस वर्षं हीच हकीकत ऐकली. आत्याला तर तिचाच आधार होता. भाऊ तडफडला नाही. झोपेत गेला. तेवढ्यावर ती बाई जगत होती.

फक्त एक गोष्ट तिला खुपायची...

रझाकार यायच्या दोनच दिवस आधी त्या पेवात तिनं स्वतः दिवा सोडला होता. दिवा नीट जळला होता. मग ती आत उतरून तास-दीड तास सारवत बसली होती आणि सोनाजी वरून हाका मारत होता. तिला साधं डोकंही दुखलं नव्हतं. पण हा विचार आला की ती उठून कामाला लागायची.

त्र्याहत्तर साली मराठवाडा मुक्त झाल्याला पंचवीस वर्षं होत होती. सरपंच किशनरावांनी पेवावर काळ्या दगडाचा चौथरा बांधून घेतला. वर खांब, खांबावर सात नावांची फरशी. किशनराव माणूस चांगला, फक्त माईक दिसला की त्यांना वेळेचं भान राहायचं नाही. सतरा तारखेला उद्घाटन ठरलं. वसमतहून साहेब येणार होते. हयात साक्षीदार म्हणून मुंजाजीला शाल आणि नारळ देणार होते.

मुंजाजी मात्र चौथऱ्याकडे फिरकलाही नव्हता. पंचवीस वर्षांत तो त्या बाजूला गेला नव्हता. गाव म्हणायचं, बिचाऱ्याचं काळीज फाटलंय.

सोळा तारखेला दुपारी आत्या चौथऱ्याभोवती सारवायला गेली. शेणाची पाटी, पाण्याची घागर, सोबत कुणी नाही. मांडव घालणारे जेवायला गेले होते.

त्या वर्षी दोन वर्षांच्या दुष्काळानंतर पाऊस झाला होता. सगळीकडे हिरवं होतं. चिमण्यांचा नुसता कलकलाट चालला होता.

आत्या गुडघ्यांवर बसून सारवू लागली. तीच जागा. तोच शेणाचा वास. हाताला तीच सवय. पंचवीस वर्षं मागं गेल्यासारखं झालं तिला.

आणि सारवता सारवता तिच्या तोंडून सहज निघून गेलं...

“सोना, हाय का रं?”

चिमण्या गप्प झाल्या.

एकदम. सगळ्या.

आत्याचा हात जागच्या जागी थांबला.

आणि दगडाखालून आवाज आला...

“हाय.”

आवाज भुतासारखा नव्हता. आत्यानं हे मला चार वेळा सांगितलं. कामात असलेलं माणूस जरा वैतागून ओ देतं ना, तसा होता. सोनाजीचाच. त्याचा आवाज जरा नाकातला होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती पळाली नाही. का? कारण खालून ओ आली होती. ओ आल्यावर उठायचं नसतं.

तिनं दुसरी हाक मारली.

“हाय का?”

“हाय.”

आता दोन आवाज.

मग तीन...

ती हाका मारत गेली आणि खालचे आवाज वाढत गेले. सगळे ओळखीचे. सात झाले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “काकू, कुणाशी बोलून राहिल्या?”

किशनराव होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. “घरी चला,” ते म्हणाले, “उन्हानं चक्कर येईल. चेहरा बघा कसा झालाय.”

आत्याला उठायचं होतं. जीव घेऊन पळायचं होतं. पण नुसतं कसं उठायचं? पिढ्यान्पिढ्यांची सवय. तिनं दगडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली,

“थांबा रं. म्या उठून राहिले. तुमचे मुंजाजी येऊन बसतील.”

खाली शांतता...

मग सातही जण एकदम बोलले.

“कवा?”

आत्या घागर तिथेच टाकून घरी आली.

मुंजाजी ओसरीवर दोर वळत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्याच्या हातातून दोर गळून पडला.

“तू माझं नाव घेतलंस?”

“उठायचं म्हनल्यावर कुणाचं तरी घ्यावं लागतं ना?”

“माझंच काहून घेतलंस?” तो ओरडला. इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. “तिथं कुणी न्हाई. पेव बंद हाय. पुन्यांदा तिकडं जायाचं न्हाई.”

पण दुसऱ्या दिवशी त्याला जावंच लागलं. किशनरावांनी माणसं पाठवून त्याला नेलं. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

कार्यक्रम सुरू झाला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग किशनराव फरशीवरचं एकेक नाव वाचू लागले. प्रत्येक नावानंतर लोक म्हणत होते, अमर रहे.

आणि प्रत्येक घोषणेखाली, अगदी हलकेच...

“हाय.”

आत्यानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं.

सातवं नाव सोनाजीचं होतं. लोक म्हणाले, अमर रहे. ओ आली. संपलं. आत्याच्या जिवात जीव आला.

मग सगळे शांत उभे असताना दगडाखालून सोनाजी बोलला...

“दाजी, हाय का?”

मुंजाजी साहेबांसमोर, चारशे माणसांसमोर मोठ्यानं म्हणाला, “हाय!”

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा बांध फुटला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

त्या दिवसापासून हाक थांबली नाही.

ती चौथऱ्यापुरती राहिली नाही. घरात यायची, शेतात यायची. कधी घटकाभरानं, कधी लागोपाठ. चुलीखालून, जात्याखालून, मेंढरांच्या वाड्यातल्या जमिनीखालून. नेहमी पायाखालून.

“दाजी, हाय का?”

“हाय.”

तोंडात घास असला तरी तो ओ द्यायचा. कुणी भेटायला आलं की बोलता बोलता मध्येच मान खाली घालून म्हणायचा, “हाय.” गाव म्हणू लागलं, मुंजाजीचं डोकं फिरलं.

तो झोपत नव्हता. झोपला तर ओ कोण देणार? आणि तीन हाकांना ओ गेली नाही की काय करतात, हे त्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी हातात धरूनच त्याला डुलकी लागली.

“दाजी, हाय का?”

तो उठला नाही.

“दाजी, हाय का?”

आत्यानं त्याला हलवलं. अंग दगडासारखं जड. कोपऱ्यात पडलेला अंबाडीचा दोर जरासा सरकला... कुणी हात लावला नव्हता.

 तिसरी हाक यायच्या आत ती जमिनीकडे बघून ओरडली, “हाय!”

खालचा आवाज थांबला. दोरही थांबला.

तिची ओ चालत होती.

मग ती आळीपाळीनं ओ देऊ लागली. तो झोपला की ती. खरं सांगू? भीती होतीच, पण थोडं सुखही होतं. पंचवीस वर्षांनी भावाचा आवाज कानावर पडत होता. भीत भीत का होईना, ती त्या हाकेची वाट बघायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती रडली होती.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला विचारलं,

“सोना तुमालाच काहून हाका मारतो? म्या सख्खी भन हाय त्याची.”

मुंजाजीचा आवाज तोवर पार बसला होता. घशातून नुसती खरखर यायची. तो जमिनीकडे बघत म्हणाला,

“म्या हाक मारलीच न्हाई, रुक्मे.”

“म्हंजी?”

“दगड लावला. लिंपलं. तेवढ्यात घोड्यांचा आवाज आला. मंग पळालो. डोंगरात गेलो. तिसऱ्या दिशी आलो.”

आत्यानं विचारलं,

“मंग पयल्याच हाकंला ओ दिली न्हाई, हे?”

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

“झोपंत गेले, हे?”

त्यानं पुन्हा मान हलवली.

“दगड लावताना सोना काई बोलला?”

मुंजाजी रडू लागला. “म्हनला... दाजी, मदी मदी हाक देत ऱ्हा. म्हंजी आमाला धीर ऱ्हाईल.”

आत्याला दिवा आठवला. नीट जळलेला. म्हणजे आत हवा चांगली होती. किती वेळ पुरली असेल ती? दुपारपर्यंत? दिवस मावळेपर्यंत? अंधारात सात माणसं एकमेकांना गप्प करत, कान लावून, एका हाकेची वाट बघत बसलेली.

तिला राग आला म्हणणं फार कमी आहे. तिचा भाऊ तिच्यासाठी त्या सकाळी पुन्हा मेला, आणि या वेळी झोपेत नाही.

ती उठली. मेंढरांना पाला टाकला. पाणी भरलं. स्वयंपाक केला. 

बारा वाजले.

बाहेर चिमण्या गप्प झाल्या...

“दाजी, हाय का?”

मुंजाजीनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. नुसती हवा. सहा दिवसांत घसा संपला होता.

त्यानं आत्याकडे बघितलं.

“दाजी, हाय का?”

त्यानं दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते आत्या शेवटपर्यंत विसरली नाही. इतक्या वर्षांचा नवरा. आजारपणात तिचे पाय चेपणारा. वाईट माणूस नव्हता तो. भित्रा होता.

एक शब्द होता. एवढासा. तिच्या ओठांवर आलेला.

कोपऱ्यातल्या दोराचं वेटोळं उलगडू लागलं...

“दाजी, हाय का?”

तिसरी हाक.

आत्यानं ओठ घट्ट मिटले आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

मग तिला दगडाच्या कडेवर दोर घासल्याचा आवाज आला. घर मातीचं, दगडाची कड कुठून येणार? एक झटका. मुंजाजी भिंतीला टेकून बसला होता, तो ताठ झाला. दुसरा झटका. त्याचे खांदे वर चढले, काखेत कुणी हात घालून उचलावं तसे. तिसरा.

मग चिमण्या पुन्हा बोलू लागल्या.

कुरुंद्याहून डॉक्टर आले. म्हणाले, काळीज बंद पडलं. अंघोळ घालताना मात्र लोकांनी पाहिलं... दोन्ही काखांखालून, छातीभोवती, दोराचा लालभडक वळ होता. आणि तळपायांना ओली पांढरी माती, पेवातली असते तशी. कार्यक्रमानंतर तो घराबाहेर पडला होता तो फक्त काळ्या शेतात.

हे सगळं आत्यानं मला एकोणऐंशी साली सांगितलं. त्या चौथऱ्यावर बसून. सतरा सप्टेंबरलाच. मी तेव्हा वसमतला नोकरीला होतो, तिला गुडघ्यांनी चालवत नव्हतं म्हणून तिला धरून तिथे घेऊन गेलो होतो. ती दरवर्षी त्या दिवशी दुपारी बाराला जायची. फरशीवरची सातही नावं घेऊन हाका मारायची, आणि कान लावून बसायची.

मला काही ऐकू आलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, वय झालं बिचारीचं.

“आत्या,” मी विचारलं, “मुंजाजीमामांना हाक मारत नाहीस?”

“त्याचं नाव दगडावर न्हाई,” ती म्हणाली. मग म्हणाली, “म्या तवा तोंड उघडाया पायजे व्हतं का रं?”

 

ऊन तापलं होतं. मी म्हणालो, चल आता. तिला दोन्ही हातांनी धरून उठवायला लागलो. ती उठता उठता वाकली, चौथऱ्यावर हात ठेवला आणि सवयीनं, अगदी सवयीनं म्हणाली,

“थांबा रं. म्या उठून राहिले. आता हे पोरगं बसंल.”

आणि तिनं माझं नाव घेतलं.

मी हसणार होतो.

पण आजूबाजूच्या चिमण्या...

आत्या त्याच वर्षी दिवाळीनंतर गेली. मी परत त्या गावात पाऊल टाकलेलं नाही. घराला तळमजला नको म्हणून वरची खोली घेतली. बायको विचारते, काहून? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

कारण त्या दुपारी पहिल्यांदा मलाही ऐकू आलं. दगडाखालून, सगळे एकदम...

“कवा?”

आणि त्यातला एक आवाज पार बसलेला होता.